ड्रमरकडे बघून ॲम्प घ्या: बँडमध्ये नव्याने वाजवणाऱ्या गिटारिस्टसाठी

खोलीचं दार लावून वाजवताना १० वॅटचा छोटा ॲम्पसुद्धा खिडक्या हादरवतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतात. तोच ॲम्प जॅमरूममध्ये नेला आणि ड्रमरने पहिला क्रॅश (मोठी सिंबल) मारला की गिटार गायब. बोटं हलताना दिसतात, ऐकू मात्र काहीच येत नाही. मग चिडून माणूस दुकानात जातो, १०० वॅटचं काहीतरी अवजड घेऊन येतो आणि दोन आठवड्यांत गायिका सांगते की तुझ्या आवाजात मला माझाच सूर सापडत नाही.

या दोन्हींच्या मधला ॲम्प शोधायचा तर आधी ड्रमरकडे बघा. ड्रमसेटला आवाजाचं बटण नसतं. बाकी सगळे आपापला आवाज कमी-जास्त करू शकतात. ड्रमर फार तर हात हलका ठेवू शकतो, आणि बहुतेक ड्रमर तेही करत नाहीत. म्हणजे बँडचा आवाज किती मोठा, हे तोच ठरवतो. त्या आवाजात तुमची गिटार स्वच्छ, न फाटता, तुम्हाला आणि बाकीच्यांना ऐकू यावी, इतकंच ॲम्पचं काम. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्याचं काम बहुतेक वेळा दुसऱ्या यंत्रणेचं असतं.

पायरी १: लोकांना तुमची गिटार कुठून ऐकू जाणार?

खरेदीचा विचार वॅटपासून सुरू करू नका, इथून करा. आपल्याकडे ढोबळमानाने तीन तऱ्हेचे कार्यक्रम होतात.

लहान कॅफे, सोसायटीचं गॅदरिंग, मित्राच्या लग्नातली संगीत-संध्या. दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर आणि त्यात फक्त गाण्याचे माइक. गिटारचा आवाज लोकांपर्यंत जायचा तो थेट ॲम्पमधूनच. इथे ॲम्पला थोडा दम लागतो, पण जागाही लहान असते, त्यामुळे वाटतो तितका नाही.

पब, कॉलेजचा फेस्ट, बंदिस्त थिएटर. इथे साउंडवाला ॲम्पसमोर माइक लावतो आणि लोकांना ऐकू येतं ते मोठ्या स्पीकरांतून. तुमचा ॲम्प म्हणजे तुमचा मॉनिटर (स्वतःला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) आणि तुमचा टोन, बस. मोठ्या स्टेजवर तर ॲम्प आयोजकच भाड्याने आणून ठेवतात. त्याला बॅकलाइन म्हणतात. आठवडाभर आधी फोन करून ‘बॅकलाइनला काय आहे?’ एवढं विचारलं तरी रिक्षाचं भाडं आणि पाठदुखी दोन्ही वाचतात.

तिसरा प्रकार गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचा, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांचा, मोठ्या लग्नांचा. गिटारिस्ट प्रोसेसर (ॲम्प आणि इफेक्टचे आवाज देणारी डिजिटल पेटी) घेऊन येतो, वायर थेट मिक्सरला जाते आणि स्वतःचा आवाज तो पायाजवळच्या मॉनिटरमध्ये किंवा कानातल्या इन-इअरमध्ये ऐकतो. वर्षानुवर्षं ॲम्प न बाळगता उत्तम काम करणारे कितीतरी वादक या क्षेत्रात आहेत. तुमचे बहुतेक कार्यक्रम असे असतील तर ॲम्पचे पैसे चांगल्या प्रोसेसरवर लावा. फक्त त्यात स्पीकर-कॅबिनेटचा आवाज तयार करणारी सोय आहे आणि ती चालू आहे, हे तपासा. नाहीतर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) थेट मिक्सरला गेलं की डबड्यात माश्या भरल्यासारखं ऐकू येतं.

वहीत पुढच्या वर्षभरातले संभाव्य कार्यक्रम लिहा आणि प्रत्येकापुढे यांतला कुठला प्रकार ते मांडा. सर्वाधिक ज्या प्रकारचे निघतील, त्यासाठी ॲम्प घ्यायचा. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या मैदानी कार्यक्रमासाठी नाही.

पायरी २: वॅटचं गणित समजून घ्या

वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘हं, थोडा वाढला’ इतपतच कळतं. ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याचा अर्थ ५० आणि १०० वॅटच्या दोन ॲम्पमध्ये फरक किरकोळ, आणि १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या तुलनेत फक्त दुप्पट मोठा.

मग घरचा १० वॅटचा ॲम्प ड्रमसमोर इतका दीनवाणा का होतो? एक कारण त्याचा छोटासा स्पीकर, त्याबद्दल पुढे. दुसरं कारण हेडरूम. तुम्ही क्लीन टोनमध्ये (न फाटलेल्या स्वच्छ आवाजात) तार जोरात छेडता तेव्हा पहिल्या क्षणी आवाजाचं जे टोक असतं, ते सरासरी आवाजापेक्षा खूप वर जातं. ते टोक पेलायला ॲम्पकडे राखीव ताकद, म्हणजेच हेडरूम, नसेल तर आवाज फाटतो. डिस्टॉर्शनमध्ये ही टोकं आधीच कापली गेलेली असतात, म्हणून कमी वॅटमध्येही डिस्टॉर्शन दणदणीत वाटतं. साहजिकच फंक, जॅझ किंवा चित्रपटगीतांतल्या स्वच्छ कॉर्ड वाजवणाऱ्याला हार्ड रॉकवाल्यापेक्षा जास्त वॅट लागतात. नव्या लोकांना हे नेमकं उलटं वाटतं.

ट्यूबचे (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पचे) वॅट आणि सॉलिड स्टेटचे (ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पचे) वॅट यांवर जॅमरूमबाहेरच्या टपरीवर तासन् तास वाद होतात. वॅट म्हणजे वॅटच. मोजायला बसलात तर फरक नाही. पण ट्यूब ॲम्प त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला तर हळूहळू दाटतो, आणि ते कानाला गोड लागतं, म्हणून लोक तो शेवटपर्यंत वापरतात. सॉलिड स्टेट मर्यादेपलीकडे गेला की आवाज एकदम कर्कश होतो, त्यामुळे त्याला मर्यादेच्या बराच खाली ठेवावं लागतं. म्हणून माझा अंदाज असा: मध्यम हाताचा ड्रमर असेल तर ट्यूबचे १५ ते २२ वॅट पुरतात, ड्रमर दणकट आणि तुम्हाला क्लीन हवं असेल तर ३० ते ४०. सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग (त्याबद्दल पुढे) घेणार असाल तर ५० च्या खाली जाऊ नका, १०० असले तर निर्धास्त.

‘पण मोठे बँड तर १०० वॅटचे मनोरे उभे करतात!’ त्याला इतिहास आहे. १९६० च्या दशकात कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा जेमतेम गाण्यापुरती असे आणि तीही तोकडी. गिटारचा आवाज ॲम्पनेच शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा असे. लंडनमध्ये ॲम्प बनवणारे जिम मार्शल यांच्याकडे ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने आणखी मोठ्या आवाजाचा हट्ट धरला आणि १९६५ च्या सुमारास १०० वॅटचे ॲम्प आणि एकावर एक रचलेली कॅबिनेट जन्माला आली. आज गिटारसमोर माइक असतो. ती गरज संपली, चित्र तेवढं डोक्यात राहिलं.

पायरी ३: स्पीकरला वॅटइतकंच महत्त्व द्या

बँडसाठी १२ इंची स्पीकर घ्या. १० इंची चालू शकतो, ८ इंची घरी ठेवा. मोठ्या स्पीकरला जास्त हवा ढकलता येते, आणि ड्रमच्या गोंगाटात गिटारचं अंग टिकतं ते त्यामुळे.

प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते: १ वॅट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर किती डेसिबल मिळतात. सेलेशन या स्पीकर कंपनीच्या ग्रीनबॅकला ९८ आणि त्याच कंपनीच्या व्हिंटेज ३० ला १०० डेसिबल. आकडे जवळजवळ वाटतात, पण वरचं गणित आठवा: ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा ॲम्प घेतल्यासारखंच. स्वस्त ॲम्पमधले लहान स्पीकर या बाबतीत बरेच मागे असतात. चांगल्या स्पीकरचा २० वॅटचा ॲम्प सुमार स्पीकरच्या ५० वॅटवाल्याला सहज गप्प करू शकतो तो असा.

दुसरी गोष्ट, गिटारचा स्पीकर तीव्र सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. तुम्ही ॲम्पला टेकून उभे राहता तेव्हा तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो आणि वर कानाला नुसती घुमघुम येते. म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर १५ फुटांवर बसलेल्या माणसाच्या कानात सुया टोचतात. उपाय फुकटचा आहे: ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे झोत तुमच्या कानाकडे येईल. ॲम्पचा आवाज ‘पुरत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं एका प्लास्टिकच्या खुर्चीने बरं होतं.

मागून उघडं कॅबिनेट स्टेजभर आवाज पसरवतं, बंद कॅबिनेट बास घट्ट देतं आणि आवाज पुढेच फेकतं. लहान स्टेजवर, जिथे बाकीच्यांनाही तुमची गिटार ऐकू यायला हवी, तिथे मला उघडं बरं वाटतं.

पायरी ४: ट्यूब, सॉलिड स्टेट की मॉडेलिंग?

ट्यूबचा आवाज मला स्वतःला आवडतो, तरी पहिल्या ॲम्पसाठी मी तो सुचवत नाही. फेंडर डीलक्स रिव्हर्ब घ्या: २२ वॅट, एक १२ इंची स्पीकर, पबसाठी नेमका ॲम्प, जगभर त्याची वाहवा. पण वजन १९ किलोच्या आसपास. फेंडरचाच ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा आणि साधारण १४ किलोचा, म्हणून रिक्षात बसतो. मात्र दणकट ड्रमरसमोर त्याचा क्लीन लवकर संपतो. व्हॉक्स एसी ३० चा आवाज स्वर्गीय, ३० वॅट, दोन १२ इंची स्पीकर. तो उचलायला दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस साउंडचेकच्या वेळी हमखास चहाला गेलेला असतो. शिवाय ट्यूब या झिजणाऱ्या वस्तू आहेत. मुंबई-पुण्याबाहेर त्या बदलून नीट बायस करून (ट्यूबमधला प्रवाह जुळवून) देणारा कारागीर शोधणं म्हणजे एक वेगळाच उद्योग.

सॉलिड स्टेटमध्ये एक नाव पाठ करून ठेवा: रोलंड जेसी-१२०. १९७५ साली आलेला, ६० अधिक ६० वॅट स्टिरिओ, दोन १२ इंची स्पीकर आणि काचेसारखा क्लीन. तुम्ही तो विकत घेणार नाही, कारण वजन २८ किलो. पण बॅकलाइनमध्ये आणि चांगल्या जॅमरूममध्ये तो समोर येण्याची शक्यता मोठी. त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन विसरा, पेडल (पायाने चालू-बंद करायची इफेक्टची डबी) लावा. तुमची पेडलं त्याच्यावर कशी वाजतात हे एकदा जॅमरूममध्ये तासभर बसून शिकून घेतलंत, तर अनोळखी स्टेजवर घाम फुटणार नाही.

मॉडेलिंग ॲम्पमध्ये अनेक ॲम्पचे आवाज संगणकी पद्धतीने तयार केलेले असतात. बॉसच्या कटाना मालिकेतला १०० वॅटचा ॲम्प हा सध्या नवशिक्या बँडवाल्यासाठी माझा पहिला सल्ला: १२ इंची स्पीकर, आणि ०.५, ५० आणि १०० वॅट असा ताकद बदलायचा स्विच. म्हणजे रात्री घरी अर्ध्या वॅटवर, शनिवारी पबमध्ये १०० वर. पिशवीत पैसे जास्त असतील आणि पाठ अशक्त, तर फेंडरचा टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब बघा: २०१९ मध्ये आलेला, डीलक्स रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती, वजन मूळ ॲम्पच्या जेमतेम अर्ध्यावर.

मॉडेलिंगमध्ये एक सापळा आहे. शंभर आवाज मिळतात आणि माणूस गाण्यागणिक वेगळा आवाज लावत बसतो. प्रत्येकाची पातळी वेगळी, साउंडवाला हैराण. तीन आवाज बनवा: क्लीन, थोडा करकरीत, लीड. लीडचा आवाज बाकीच्यांपेक्षा किंचित वर ठेवा, नाहीतर सोलोच्या वेळी गिटार मागेच राहते.

हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आणि वेगळं कॅबिनेट (स्पीकरचा खोका) की एकत्र कॉम्बो? पहिल्यांदा कॉम्बोच. वायर एक कमी, चूक एक कमी.

ॲकूस्टिक गिटार वाजवत असाल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही देत नाही, आणि ॲकूस्टिकची सगळी झळाळी तिथेच असते. डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जोडून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरला जा, नाहीतर खास ॲकूस्टिकसाठीचा ॲम्प घ्या. आणि बासवाल्या मित्राने ‘आज तुझ्याच ॲम्पमध्ये लावतो’ म्हटलं तर प्रेमाने नकार द्या. बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची ८२ ला. मोठ्या आवाजात तुमच्या स्पीकरचा कोन ते सोसणार नाही.

पायरी ५: ॲम्पची पाठ बघा

दुकानात सगळे समोरची बटणं बघतात. बँडमध्ये उपयोगी पडणाऱ्या गोष्टी मागे असतात.

लाइन-आउट, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची नक्कल करून गिटार थेट मिक्सरला देणारी जागा, सर्वांत महत्त्वाचं. साउंडवाल्याकडे माइक कमी पडला तर एका वायरने काम होतं. त्यापाठोपाठ इफेक्ट्स लूप: ॲम्पचं डिस्टॉर्शन वापरत असाल तर डिले आणि रिव्हर्बची पेडलं या लूपमध्ये लावायची, म्हणजे आधी डिस्टॉर्शन आणि मग प्रतिध्वनी असा क्रम राहतो. उलटं झालं की प्रतिध्वनीच फाटतो आणि चिखल होतो. फुटस्विचची सोय हवी, कारण गाण्याच्या मध्यात वाकून चॅनल बदलता येत नाही. फुटस्विच सोबत मिळतो की वेगळा विकत घ्यावा लागतो, हे बिल करायच्या आधी विचारा.

बाहेरचा स्पीकर जोडायची जागा असेल तर तिथे लिहिलेला ओहमचा आकडा वाचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. सॉलिड स्टेट ॲम्पला लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधी नेऊ नका. ट्यूब ॲम्प तर स्पीकर न जोडता चालूच करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो ॲम्पमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक. हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच वायर हवी. गिटारची वायर दिसते तशीच, पण आतली तार बारीक असते आणि तो प्रवाह तिला झेपत नाही.

पायरी ६: ऐकून बघताना

स्वतःची गिटार आणि स्वतःची दोन पेडलं घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच ॲम्प छान वाजतात.

सगळे टोन मध्यावर ठेवून क्लीनपासून सुरू करा. आवाज हळूहळू वाढवत सगळ्या तारांवर जोरात कॉर्ड मारत जा आणि कुठे फाटायला लागतं ते बघा. बऱ्याच ॲम्पमध्ये बटण ४-५ वर येईपर्यंतच बहुतेक सगळा स्वच्छ आवाज मिळून गेलेला असतो. पुढे आवाज वाढत नाही, नुसता दाटतो. ‘२ वरच इतका मोठा, मग १० वर किती असेल!’ या हिशेबावर म्हणूनच जाऊ नका. दुकानदार आवाज वाढवू देत नसेल तर त्या दुकानात ॲम्प घेऊ नका. त्याचंही चुकत नाही, शेजारी कीबोर्ड घ्यायला आलेलं कुटुंब असतं. सकाळी दुकान उघडताना जायचं ठरवून घ्या.

आता घरातली एक सवय मोडा. हळू आवाजात आपल्या कानांना बास आणि तीव्र सूर कमी ऐकू येतात. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणून घरी आपण बास-ट्रेबल वाढवतो, मिड (मधले सूर) कमी करतो, आणि एकट्याला ते भव्य वाटतं. बँडमध्ये आवाज वाढला की तोच बास धबधबतो आणि बास गिटार, किक ड्रमच्या खाली गाडला जातो. ट्रेबल सिंबलमध्ये विरघळतं. आणि गिटारची स्वतःची जागा जी मिडमध्ये आहे, ती तुम्ही स्वतःच रिकामी केलेली असते. शिवाय ॲम्पची ताकद सर्वांत जास्त खातो तो बास. तो कमी केला की त्याच वॅटमध्ये जास्त स्वच्छ आवाज मिळतो. दुकानात मिड वाढवून ऐका. एकट्याने वाजवताना थोडं नाकातलं वाटेल. बँडमध्ये तोच आवाज वर येतो.

खरी परीक्षा अर्थात ड्रमसोबतच. तासावर मिळणाऱ्या वेगवेगळ्या जॅमरूममध्ये वेगवेगळे ॲम्प असतात. एक लाखाची खरेदी करण्याआधी तीन-चार ठिकाणी जॅम लावलं तर तुमच्या ड्रमरसोबत कुठला ॲम्प किती आकड्यावर पुरतो हे स्वस्तात कळतं. बँडमधल्या एकाला बाहेर उभं करून ऐकायला सांगा. तुम्ही स्वतः चुकीच्या जागी उभे असता.

जुना ॲम्प घेताना: प्रत्येक बटण फिरवून खरखर ऐका (ती बहुधा किरकोळ असते, स्प्रेने जाते), गिटार न लावता आवाज वाढवून घुरघुर ऐका, सगळे जॅक हलवून बघा, स्पीकरचा कागद टॉर्चने तपासा, आणि किमान वीस मिनिटं चालू ठेवून वाजवा, कारण काही दोष तापल्यावरच बाहेर येतात. कोकणातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरातून घेत असाल तर जॅक आणि स्क्रूवरचा गंज आवर्जून बघा.

पायरी ७: वीज

अमेरिकेतल्या भावाने स्वस्तात मिळाला म्हणून ॲम्प आणला, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इकडे २३० आणि ५०. थेट लावला तर पहिल्याच मिनिटाला धूर. ॲम्पच्या मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त वायर बदला. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वीजवापरापेक्षा ऐसपैस क्षमतेचा हवा. स्पीकरला मिळणाऱ्या वॅटवरून तो निवडू नका, भिंतीतून ट्यूब ॲम्प त्याच्या कितीतरी पट ओढतो. प्रत्येक कार्यक्रमाला तो लोखंडी ठोकळाही सोबत न्यायचा, म्हणजे भावाची स्वस्ताई फार काळ टिकत नाही.

अर्थिंगबाबत मात्र गंमत नाही. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि माइक वेगळ्या यंत्रणेचा असतो. मंडपातल्या टू-पिन एक्स्टेंशनवर ॲम्प लावला, हात तारांवर आणि ओठ माइकला टेकले, तर शॉक थेट तुमच्यातून जाऊ शकतो. साधा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो. कुठल्याही स्टेजवर तो आधी लावून बघा. शक्यतो ॲम्प आणि मिक्सर एकाच ठिकाणच्या विजेवर घ्या. हम (विजेची सततची घूंघूं) येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणाऱ्या ‘अनुभवी’ माणसाला ॲम्पजवळ येऊ देऊ नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड-लिफ्टचं बटण असतं. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर जनरेटर स्थिर झाल्यावरच ॲम्प चालू करा.

पायरी ८: पहिल्या कार्यक्रमात

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. याचा तुमच्याशी संबंध असा की कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी १० ला संपवायचाच असतो, आणि कात्री लागते ती साउंडचेकला. तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. एवढ्या वेळात लागेल असा सेटअप ठेवा.

ॲम्प आधी उंचावर ठेवा, झोत तुमच्या कानाकडे आणि गायकाच्या माइकपासून दूर. गायकाच्या माइकमध्ये गिटार शिरली की साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही. मग ड्रमरला गाण्यातला खरा ठेका वाजवायला सांगा, साउंडचेकचा नाजूक नव्हे. त्यावर क्लीन आवाज लावा, नंतर लीड. साउंडवाला बहुधा शुअर एसएम ५७ हा माइक आणेल. तो जाळीला जवळजवळ चिकटवून, स्पीकरच्या मध्यबिंदूपासून थोडा बाजूला लावला की कर्कशपणा कमी होतो. त्याने ‘स्टेजचा आवाज कमी कर’ म्हटलं तर वाद न घालता करा. लहान हॉलमध्ये तुमचा ॲम्पच इतका मोठा असेल की त्याला गिटार मिक्सरमध्ये घेताच येत नसेल, तर समोर बसलेल्यांना नुसती गिटार आणि बाजूच्यांना नुसतं गाणं, असा कार्यक्रम होतो.

कानात इअरप्लग घाला. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. बंद जॅमरूममध्ये ड्रम हा आकडा सहज ओलांडतात. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, त्यात आवाज कमी होतो पण टोन फारसा बिघडत नाही. कापसाचा बोळा घालू नका, त्याने मुख्यतः तीव्र सूरच कापले जातात आणि तुम्ही पुन्हा ट्रेबल वाढवता.

पिशवीत जादा फ्यूज (ॲम्पच्या मागे लिहिलेल्या आकड्याचाच), दोन जादा गिटार वायर, अर्थिंगवाला स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड आणि काळी चिकटपट्टी. साउंडचेक झाला की सगळ्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमच्या आधीच्या बँडचा गिटारिस्ट तुमचाच ॲम्प ‘जरा’ वापरून गेल्यावर तो लागतो.